वळवाचा पाऊस आणि हजार वर्षांचे राज्य

जगाचा शेवट कधी आणि कसा होणार यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत, हे ऐकले की बहुतेक मराठी वाचक विषय तिथेच सोडून देतो. तारीख सांगायची, ती चुकली की नवी काढायची, एवढाच तो प्रकार आहे असे त्याला वाटते. चर्चच्या बाकावर दर रविवारी बसणाऱ्यांपैकीही अनेकांचे मत फारसे वेगळे नसते. प्रभू येणार एवढे खरे, बाकीचे पाळकसाहेबांनी पाहावे.

जरा अधिक वाचलेल्या माणसाचे मत यापेक्षा शहाणे दिसते. तो म्हणतो, शेवट जवळ आला असे मानणारे लोक जगाची डागडुजी करत नाहीत. जग हळूहळू सुधारेल असे मानणारेच शाळा आणि दवाखाने काढतात. म्हणजे अंतकाळाच्या मतावरून माणूस कामाला लागेल की हात जोडून बसेल, हे ओळखता येते.

दोन्ही मते उथळ आहेत. पहिल्या मताला हा वाद तारखांचा वाटतो, पण तारखा हा त्यातला सर्वांत क्षुल्लक भाग आहे. दुसऱ्या मताविरुद्धचा सज्जड पुरावा तर दूर शोधावा लागत नाही, तो पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आहे. या लेखाचे प्रतिपादन असे: अंतकाळाविषयीच्या श्रद्धेवरून माणूस काम करील की नाही हे ठरत नाही. ते काम कोणती भाषा बोलेल, किती घाईने होईल, आणि फसले तर त्या फसण्याचा अर्थ काय लावला जाईल, हे मात्र त्या श्रद्धेवरूनच ठरते. मराठी ख्रिस्ती इतिहासाइतके याचे स्पष्ट दर्शन क्वचितच कुठे घडते.

हा प्रश्न मराठवाड्यातल्या परभणीतून पाहू. या जिल्ह्यात ख्रिस्ती लोक संख्येने अगदी थोडे. कॅथलिक भाविक १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. बाकीचे निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत विखुरलेले. पण लहान समाजात हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. मोबाइलवर ऐकलेले प्रवचन एक सांगते, रविवारच्या उपासनेतले दुसरे, आणि दोन्ही ऐकणारे एकाच घरात राहत असतात.

१. भांडण नेमके कशावर

आधी समान भाग पाहावा. ख्रिस्त पुन्हा येईल, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय होईल, मेलेले उठतील, हे चौथ्या शतकातल्या नायसीन मतांगीकारात आहे आणि कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स सारे ते मानतात. वाद सुरू होतो तो बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या, विसाव्या अध्यायात. तिथे पहिल्या सात ओव्यांत ‘हजार वर्षे’ हा काळ सहा वेळा येतो. सैतान बांधला जातो, हुतात्मे ख्रिस्तासह राज्य करतात, मग शेवटचा न्याय होतो.

ही हजार वर्षे कोणती? आयरेनियससारख्या दुसऱ्या शतकातल्या धर्मशिक्षकांना वाटे की ख्रिस्त आधी येईल आणि मग याच पृथ्वीवर हे राज्य थाटले जाईल. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ४२६च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात वेगळा अर्थ लावला: हजार हा आकडा प्रतीक आहे, ते राज्य म्हणजे चर्चचा चालू काळच. रोमन चर्च पुढे त्याच वाटेने गेले. १९४४ साली व्हॅटिकनने स्पष्ट केले की ख्रिस्त न्यायापूर्वी दृश्य रूपाने येऊन पृथ्वीवर राज्य करील, हे मत सौम्य स्वरूपातही निर्धास्तपणे शिकवता येणार नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रज व अमेरिकन प्रॉटेस्टंटांत तिसरे मत बळावले: सुवार्ता जगभर पसरेल, समाज सुधारेल, तेच सुवर्णयुग, आणि त्याच्या शेवटी ख्रिस्त येईल.

चौथा फाटा एकोणिसाव्या शतकातला. जॉन नेल्सन डार्बी या ब्रदरन नेत्याने शिकवले की आगमनाचे दोन टप्पे आहेत: आधी विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील, मग मागे उरलेल्या जगावर महासंकट येईल, मग ख्रिस्त उघडपणे येईल. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टिपांसह छापलेल्या बायबलने ही मांडणी इतकी पसरवली की टीप कुठे संपते आणि शास्त्र कुठे सुरू होते, हे कित्येक वाचकांना कळेनासे झाले. आज मराठीत ‘शेवटचे दिवस’ या मथळ्याखाली जे ऐकू येते, त्यातले बरेचसे या चौथ्या फाट्याचे आहे. ते प्राचीन शिकवणुकीसारखे ऐकू येते. वयाने ते मुंबई-ठाणे रेल्वेच्या थोडेसेच आधीचे.

२. अंतकाळ, कल्पांत, कयामत

मराठीत हा विषय बोलू लागले की शब्दच वाट अडवतात. वारकरी घरात ‘अंतकाळ’ म्हणजे माणसाचा मरणक्षण. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. तिथल्या म्हातारीला अंतकाळ म्हटले की ओठावर नाव असावे एवढीच काळजी आठवते, जगाचा शेवट नाही. ‘कल्पांत’ किंवा ‘प्रलय’ म्हटले तर जगाचा शेवट येतो खरा, पण तो पुन्हा पुन्हा येणारा. जिंतूरजवळच्या नेमगिरीला जाणाऱ्या जैन यात्रेकरूच्या मनातही काळाचे चक्रच आहे, चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या आऱ्यांचे. उरला ‘कयामत’. निजामी राजवटीत राहिलेल्या या जिल्ह्यात हा शब्द सर्वांच्या कानावरचा आहे, आणि ख्रिस्ती कल्पनेच्या तोच सर्वांत जवळ जातो: एकदाच येणारा दिवस, मेलेल्यांचे उठणे, न्याय. हजरत ईसा परत येणार, हेही मुस्लिम परंपरा मानते.

म्हणजे परभणीतला ख्रिस्ती उपदेशक अंतकाळ म्हणाला तर ऐकणाऱ्याला स्वतःचे मरण ऐकू येते, प्रलय म्हणाला तर चक्र, कयामत म्हणाला तर शेजारच्या मशिदीतले प्रवचन. ही केवळ शब्दकोशाची अडचण नाही. ख्रिस्ती मंडळ्यांमधला वादही अखेर याच तीन टोकांत फिरतो: शेवट माझा, की या युगाचा, की साऱ्या सृष्टीचा?

३. साठ कोटींचा हिशेब

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशन आले ते तिसऱ्या मतावर स्वार होऊन. सेरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८११ साली मराठी नवा करार छापला तो याच आशावादात. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल यांनी मिळून लिहिलेली एक पुस्तिका १८१८ साली अमेरिकेत निघाली. विषय होता साऱ्या जगाचे धर्मांतर आणि साठ कोटी लोकांचा ख्रिस्ती मंडळ्यांवरचा हक्क. त्यात हिशेब मांडला होता: एवढ्या लोकांसाठी तीस हजार प्रचारक लागतील, आणि ख्रिस्ती देशांना तेवढे पाठवणे झेपण्यासारखे आहे. सुवर्णयुग जणू अंदाजपत्रकात बसत होते.

न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेले. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना वाटेतल्या एका खेड्यात पटकीनेच गेले. साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्या दोघांनाही एकाच रोगाने नेले, तरी पाठीमागच्यांनी हिशेब सोडला नाही. कारण ज्याला काळ आपल्या बाजूने चालतो असे वाटते, त्याच्या लेखी एकाचे मरण हा उशीर असतो, पराभव नसतो. अहमदनगरच्या शाळा आणि १८४२ साली तिथे सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच चिवटपणातून उभे राहिले.

मराठवाड्यातले उदाहरण जालन्याचे. नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण; १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून त्यांनी जालना गाठले, आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. बहुतेक रहिवासी गावकुसाबाहेरच्या जातींतले. शेती, विहीर, शाळा, प्रार्थनामंदिर. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री फेटा बांधून बोलले ते या कामाविषयी. गाव वसवणे ही कृतीच एक मत मांडते: इथे वेळ आहे, इथे मुळे धरायची आहेत. त्याच फ्री चर्चमध्ये बोनार बंधूंसारखे, ख्रिस्त हजार वर्षांच्या आधी येईल असे मानणारे नामवंत पाळकही होते, हे विसरता कामा नये. एकाच चर्चच्या पोटात दोन्ही मते नांदत होती.

४. केडगावने हिशेब उलटवला

आता दुसऱ्या उथळ मताची परीक्षा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा त्या सुधारकांच्या लाडक्या होत्या. १८९६–९७चा दुष्काळ पडला तशा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १८९९–१९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या, आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

याच काळात रमाबाईंची श्रद्धा सुधारकांना अनोळखी वाटावी अशा दिशेने गेली. १८९८ साली त्या इंग्लंडमधल्या केस्विकच्या मेळाव्यात बोलल्या. त्या वर्तुळात प्रभूचे आगमन जवळ आले आहे ही धारणा हवेसारखी पसरलेली होती. १९०५च्या जूनअखेरीस मुक्तीत प्रार्थना करणाऱ्या मुलींमध्ये जे संजीवन, म्हणजे श्रद्धेचे सामूहिक पुनरुज्जीवन, घडले, त्याची बातमी देशोदेशी गेली. लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचे प्रसिद्ध संजीवन १९०६चे. केडगाव त्याच्या आधीचे. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली यावर पुस्तक लिहिले आणि पवित्र आत्म्याच्या या वर्षावाचा संबंध शेवटच्या दिवसांशी व येणाऱ्या प्रभूशी जोडला.

‘आगमन जवळ’ म्हणणाऱ्यांनी मग काय केले? विहिरी खोदल्या. शेती केली, तेलाचा घाणा चालवला, विणकाम शिकवले, अंध मुलींना शिकवले, छापखाना चालवला. रमाबाईंनी सुमारे अठरा वर्षे खपून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. उद्या जग संपणार असे मानून हातावर हात ठेवणारी ही माणसे नव्हेत. उलट, साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्यांना जे काम पिढ्यान्‌पिढ्यांचे वाटे, ते केडगावला एका दुष्काळात करायचे होते. आगमनाच्या अपेक्षेने तिथे आळस आला नाही, घाई आली. आणि दुष्काळात मुली वाचवताना घाईच लागते.

फरक पडला तो मोजमापात. बेथेलचे यश गाव टिकण्यात मोजले जाई. मुक्तीचे यश एकेका मुलीत. गाव मोडले तर बेथेलच्या मागची कल्पनाच डळमळते. मुक्तीत एक मुलगी गेली तर ती प्रभूकडे गेली, आणि दुसरी दाराशी उभी असते.

५. वळीव की परतीचा?

या संजीवनामागचे रूपक पावसाचे होते, आणि मराठवाड्यातल्या वाचकाने इथे थोडे थांबावे. योएलच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या आणि शेवटच्या पावसाचे वचन आहे. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस जमीन पेरणीजोगी करतो. मार्च-एप्रिलचा शेवटचा पाऊस दाणा भरवतो, मग कापणी. यावरून विसाव्या शतकारंभीच्या संजीवनवाद्यांनी समीकरण बांधले: पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर झालेला पवित्र आत्म्याचा वर्षाव हा पहिला पाऊस, आताचा शेवटचा, आणि कापणी म्हणजे युगाचा शेवट.

मराठी बायबलात हे दोन पाऊस ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ म्हणून आले. शब्द अस्सल, पण परभणीच्या शेतकऱ्याच्या वर्षात त्यांचा क्रम उलटा लागतो. वळीव येतो चैत्र-वैशाखात, विजांच्या लखलखाटात, आंबे झोडपत. आगोट त्याच्यानंतर मृगात. वळीव पडला म्हणजे कापणी आली असे इथे कोणी म्हणत नाही. वळीव पडला म्हणजे मशागत आटपा, बियाणे पाहा. इथल्या काळ्या जमिनीत दाणा भरवणारी ओल देतो तो हस्त-चित्राचा परतीचा पाऊस. ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण त्याच ओलीवर उभे राहते. आणि ज्वारी पिकल्यावर जो पडतो त्याला आपण अवकाळी म्हणतो आणि पंचनाम्याची वाट पाहतो.

म्हणजे यहूदियातल्या शेतकऱ्याला ज्या पावसात शेवट दिसला, त्याच्या मराठी नावात इथल्या शेतकऱ्याला सुरुवात ऐकू येते. भाषांतराचा हा अपघात म्हणून सोडून देता येईल. पण केडगावच्या मुलींनी प्रत्यक्षात काय केले ते पाहिले तर त्यांनी वळवाचा मराठी अर्थच जगून दाखवला: संजीवनानंतर त्यांच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. मोंढ्याकडे निघालेल्या गाड्यांपेक्षा हे चित्र तिफणीच्या अधिक जवळचे आहे.

६. टिळकांचा दरबार

रमाबाईंच्या समोर दुसऱ्या टोकाला नारायण वामन टिळक उभे आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, अमेरिकन मराठी मिशनचे, ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक, कवी. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे त्यात यावेत, अशी कल्पना होती.

दरबार हा शब्दच काळाविषयीचे मत सांगतो. दरबार भरतो तेव्हा राजा हजर असतो. टिळकांचे लक्ष येणाऱ्या ख्रिस्तापेक्षा आलेल्या ख्रिस्तावर होते. राज्य इथे, आत्ता, सातारच्या मातीत दिसले पाहिजे. म्हणून त्यांना अभंग हवा, ओवी हवी, संतांची भाषा हवी. मोडायचे काही नाही, पूर्ण करायचे आहे. रमाबाईंनी याच्या नेमके उलट केले. त्यांच्या बायबलात वेदान्ताच्या छटेचे शब्द शक्य तितके टाळलेले आहेत, अडाणी बाईलाही कळावे असे साधे मराठी वापरण्याचा त्यांचा हट्ट आहे. याला कारण त्यांचे स्त्री म्हणून आलेले अनुभव आहेत, संस्कृत शास्त्रांचा त्यांनी घेतलेला झाडा आहे. पण काळाची जाणीवही आहे. ज्याला काळ सलग चालताना दिसतो तो जुन्या शब्दांवर पूल बांधतो. ज्याला काळ मध्येच तुटणार असे वाटते, तो जुने शब्द झाडून काढतो. दोन भाषाशैलींमागे दोन अंतकाळ आहेत.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. दरबार दोन वर्षांचाही झाला नव्हता. त्यांच्यामागे तो तग धरू शकला नाही. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. यावरून टिळक चुकले असा निष्कर्ष काढणे हा पुन्हा तोच उथळपणा होईल. दरबाराचे मोजमाप संस्थेच्या आयुष्यात नाही. त्यांची गीते आजही मराठी उपासनेत गायिली जातात.

७. वेशीवर कोण कुठे जाते

चौथ्या फाट्याकडे आता यायला हवे, कारण आजच्या मंडळ्यांवर त्याचाच पगडा आहे. विश्वासणारे वर उचलले जातील, हे मत मुख्यतः थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायावर उभे आहे. तिथे प्रभूला सामोरे जाण्यासाठी मेघांत नेले जाण्याची गोष्ट आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अपांतेसिस’. नव्या करारात तो आणखी दोन प्रसंगी येतो. दहा कुमारींच्या दृष्टान्तात कुमारी वराला सामोऱ्या जातात आणि त्याच्यासह लग्नघरात येतात. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे बंधू पौलाला वाटेत सामोरे जातात आणि त्याला घेऊन रोमला परततात. दोन्हीकडे जाणारे तिकडे राहत नाहीत. येणाऱ्याला घेऊन घरी येतात.

मराठी माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत पुढे जाते. पालखी येताच लोक वेशीपर्यंत सामोरे जातात ते तिला वाजतगाजत गावात आणायला. वऱ्हाडाला सामोरे जाणारे मुलीचे वडील वऱ्हाडाच्या गावी पळून जात नाहीत. हा अर्थ धरला तर त्या अध्यायाचा रोख जगातून सुटण्याकडे राहत नाही, जगात येणाऱ्याच्या स्वागताकडे वळतो. डार्बीच्या मांडणीवरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो मराठी मंडळ्यांत जितका ऐकू यायला हवा तितका येत नाही.

८. नकाशावरची माणसे

त्याच मांडणीचा दुसरा भाग इस्राएलशी जोडलेला आहे. यहूदी आपल्या भूमीत परतले की भविष्यवाणीचे घड्याळ चालू झाले, असे हे लोक मानतात. १९४८ हे त्यांचे खुणेचे वर्ष. १९७०च्या हाल लिंडसेच्या पुस्तकाने आणि १९९५ पासूनच्या ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबऱ्यांनी ते सर्वदूर नेले.

पण महाराष्ट्राला परतण्याची ही गोष्ट भविष्यवाणीच्या तक्त्यावरून कळलेली नाही. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे लोक. अलिबाग, पनवेल, मुंबईहून ते मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या यहूदीपणावरच काही रब्बींनी शंका घेतली, विवाहाला अडथळे आणले. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने त्यांना पूर्ण यहूदी म्हणून मान्यता दिली. आजही तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघते. भविष्यवाणीच्या तक्त्यात ‘परतणे’ हा एक बाण असतो. त्या बाणात ना पनवेलचे सोडलेले घर दिसते, ना परतल्यावर पुन्हा सिद्ध करावी लागलेली ओळख; आणि त्याच भूमीतले अरब ख्रिस्ती तर, जे पहिल्या शतकापासून तिथल्या मंडळीचा भाग आहेत, तक्त्यात कुठेच नसतात. माणसे नाहीशी करणारे शास्त्रवाचन चुकीचे असते, मग त्याला कितीही ओव्यांचा आधार असो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: हे सारे परदेशी मिशनऱ्यांचे उसने भांडण आहे. सुरुवात उसनी होती, हे मान्य. पण उसने घेतलेले परतही गेले. मिनी एब्रम्स यांनी आपले पुस्तक चिलीतल्या वाल्पाराइसो इथे मैत्रीण मे हूवर यांना पाठवले. त्यांचे पती विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक होते. १९०९ साली तिथे संजीवन झाले आणि चिलीतल्या पेन्टेकॉस्टल चळवळीचा पाया पडला. केडगावच्या दुष्काळग्रस्त मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत पोहोचली. जो समाज असा देतो त्याला नुसता घेणारा म्हणता येत नाही.

दुसरा: तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असे येशूनेच सांगितले, मग चर्चा कशाला? तारखांपुरते हे उत्तर पुरे आहे. विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहिली आणि त्यांचा घोर अपेक्षाभंग झाला. यहोवाच्या साक्षीदारांपैकी अनेकांनी १९७५ कडे डोळे लावले होते. पण मिलरच्या मागे उरलेल्यांतूनच १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले, आणि पुण्यातली स्पायसर ही त्यांचीच शिक्षणसंस्था. चुकलेल्या तारखेनंतर कोण काय करतो, यात त्या श्रद्धेचा कस लागतो. आणि ते तारखेवर अवलंबून नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया घालणाऱ्या आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर सविस्तर लिहिले. या समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी संघटित चळवळ उभी केली नाही, आणि दुःखाचे मूळ पापात शोधायला शिकवल्याने समाजव्यवस्थेकडे त्याचे लक्ष गेले नाही, अशी त्यांची तक्रार होती. मराठवाड्यात ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. चर्चमध्ये जात शिरली, आणि येणाऱ्या राज्याच्या नावाने ती सहनही केली गेली.

पण दोष अंतकाळाच्या पुस्तकाचा की वाचणाऱ्यांचा? प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे: सोने, रेशीम, हस्तिदंत, मसाले, गहू, गुरे, आणि अगदी शेवटी माणसे. गुलामांचा बाजार हा त्या नगरीवरच्या न्यायनिवाड्याचा भाग आहे. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार हातात तराजू घेऊन येतो आणि धान्याचा भाव पुकारला जातो: एका माणसाच्या पोटापुरत्या गव्हाला दिवसभराची मजुरी. तेल आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लागत नाही. १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या परभणीच्या म्हाताऱ्याला या ओव्यांवर भाष्य लागणार नाही. मजुरी, धान्य आणि श्रीमंतांच्या ताटाला न लागणारी झळ यांविषयीचे हे पुस्तक आकाशातला तक्ता म्हणून शिकवले गेले, हे आंबेडकरांच्या तक्रारीइतकेच जुने दुखणे आहे.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांचे बायबल त्यानंतर, १९२४च्या सुमारास, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रिया करत. त्यांच्यातल्या कित्येक जणी दोन दुष्काळांतून वाचून केडगावला आलेल्या होत्या, आणि शेवटच्या पुस्तकाचा सहावा अध्याय, तो काळा घोडा, तो तराजू, तो गव्हाचा भाव, या स्त्रियांच्या छापखान्यात एकेक खिळा लावून जुळवला गेला.